आधी उघडा पत्रा बघा, मग रंगाचे पैसे द्या

वाचकांचे प्रश्न : दुचाकीचं रंगकाम
(उत्तरं देणारे भुसावळला दुचाकीचं रंगकाम करतात.)

प्रश्न : वडिलांची १९८८ सालची बुलेट शेडमध्ये पडून होती. इंजिनाचं काम करून घेतलं. आता टाकीला कॅन्डी लाल रंग आणि त्यावर सोनेरी रेषा मारायची इच्छा आहे. एका पेंटरने सहा हजार सांगितले, दुसऱ्याने अठरा हजार. दोघंही म्हणतात, पीयूच मारणार. एवढा फरक कशाचा? गाडी कोणाला द्यावी?
— एक वाचक, चोपडा

उत्तर : दादा, दोघंही खरं बोलत असतील. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, हार्डनर (रंग कडक करणारं रसायन) घालून मारायचा रंग. फक्त ‘पीयू मारणार’ या दोन शब्दांत काय काय येतं, ते दोघांच्या हिशेबात वेगळं आहे. जळगावला सराफाकडे गेलो की आपण सोन्याचा भाव वेगळा विचारतो आणि मजुरी वेगळी. गाडी रंगवायला देताना मात्र ‘पूर्ण गाडीचे किती?’ एवढंच विचारतो. तिथेच सगळं चुकतं. दोघांकडे परत जा आणि दोन आकडे मागा: माल किती, मजुरी किती. मग मजुरीत काय करणार ते विचारा.

नीट काम करणारा माणूस टाकी, साइड पॅनेल, मडगार्ड, टूलबॉक्स सगळं गाडीवरून उतरवतो. जुना रंग पत्र्यापर्यंत काढतो, पोचे काढतो, गंज साफ करतो, मग पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर मारतो. पुट्टी फक्त जिथे खड्डा आहे तिथे, तीही पातळ. त्यावर सरफेसर, म्हणजे घासून सपाट करायचा थर. सरफेसर वाळला की काळ्या रंगाचा हलका फवारा मारतो आणि रबरी ब्लॉकला पेपर लावून पाण्याने घासतो. उंचावरचा काळा आधी जातो, खोलगट जागी काळा राहतो, म्हणजे खड्डा कुठे आहे ते समोर दिसतं. पुट्टीवर ८० नंबरच्या पेपरपासून सुरुवात करून सरफेसरवर ६००-८०० पर्यंत यायचं, तेव्हा कुठे फवारायच्या गनमध्ये रंग ओतायचा. माझ्याकडे निम्म्याहून जास्त वेळ गन हातात घेण्याआधीच जातो. सहा हजारात हे सगळं बसत नाही. त्यात जुन्या रंगावरच पेपर मारला जातो, पोचा न ठोकता पुट्टीने भरला जातो, खाली साधा एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग, जो नुसता थिनर उडून वाळतो, आणि वर पीयू क्लिअरचा, म्हणजे पारदर्शक थराचा, एक पातळ हात. गाडी घरी येते तेव्हा चकाचक असते. पुढच्या उन्हाळ्यात पुट्टीच्या कडा वर दिसायला लागतात.

पेंटर निवडायचा तर त्याच्या मोबाइलमधले फोटो बघू नका. त्याने दोन वर्षांपूर्वी रंगवलेली एखादी गाडी दाखवायला सांगा. खिशात एक छोटं चुंबक ठेवा, त्याला कागद गुंडाळा म्हणजे ओरखडा पडणार नाही. ते टाकीवरून हळूहळू सरकवा. पत्रा जवळ असेल तिथे ते घट्ट ओढलं जातं, पुट्टीचा जाड थर असेल तिथे पकड सुटते. दुसरी खूण : साइड पॅनेलच्या आतल्या बाजूला, कोणाला दिसणार नाही अशा जागी थिनरचा बोळा घासा. एनसी रंग असेल तर तो विरघळून बोळ्याला लागतो. हार्डनर घालून वाळलेला पीयू बोळ्यावर उतरत नाही. मालकाला विचारून करा म्हणजे झालं. चांगला पेंटर या दोन्ही गोष्टींना नाही म्हणत नाही.

आता तुमच्या टाकीबद्दल. इतकी वर्षं पडून राहिलेल्या टाकीत आतून गंज असणारच. झाकण उघडा आणि बॅटरीने आत बघा. तळाला खपल्या दिसल्या तर रंगाचा विचार थांबवा. आधी पेट्रोल काढून, कॉक उतरवून टाकी आतून साफ करून घ्या. मग रॉकेल किंवा डिझेल भरून रात्रभर कोऱ्या कागदावर ठेवा. सकाळी कागदावर ठिपका दिसला तर टाकीला बारीक छिद्र आहे. ते बंद न करता वर अठरा हजारांचा रंग मारला तर पेट्रोल झिरपून तो आतून फुगणार, आणि तेव्हा दोष पेंटरचा नसेल. एक मात्र कळकळीने सांगतो, पेट्रोलची टाकी नुसती रिकामी केली म्हणून झाळकामाला देऊ नका. आतली वाफ पेट घेते. टाकीची झाळ नेहमी करणाराच माणूस शोधा, तो आधी टाकी धुऊन पाणी भरतो.

कॅन्डी रंग कसा बनतो ते समजून घ्या, कारण खर्च तिथे वाढतो. खाली चंदेरी किंवा सोनेरी बेस, त्यावर पारदर्शक लाल, वर क्लिअर. लाल रंग पारदर्शक असल्यामुळे प्रत्येक हाताला तो गडद होत जातो. तीन हात मारलेली टाकी आणि चार हात मारलेलं पॅनेल शेजारी ठेवलं की दोन गाड्यांचे भाग वाटतात. म्हणून सगळे भाग एकाच बैठकीत, सारख्याच हातांनी मारावे लागतात. पेंटरकडून पत्र्याच्या एका तुकड्यावर दोन, तीन आणि चार हातांच्या पट्ट्या मारून घ्या. तो तुकडा भर दुपारच्या उन्हात बघा, रात्री ट्यूबलाइटखाली बघा, मग कोणती पट्टी हवी ते ठरवा आणि तुकडा स्वतःजवळ ठेवा. खाली सोनेरी बेस घेतला तर लाल उबदार दिसतो, चंदेरी घेतला तर थंड. हे मोबाइलच्या पडद्यावर कळत नाही. आणि उद्या टाकीला ओरखडा आला तर कॅन्डीत तेवढाच भाग जुळवता येत नाही, बहुतेक वेळा पूर्ण टाकी परत करावी लागते. हा पुढचा खर्चही आजच धरा.

सोनेरी रेषांचं काम मात्र स्टिकरने करू नका. मद्रासच्या कारखान्यातून निघणाऱ्या बुलेटच्या टाकीवर या रेषा हाताने ओढलेल्या असत, आजही तिथे ती कला जिवंत आहे. लांब केसांचा मऊ ब्रश रंगात बुडवून कारागीर तो टाकीच्या वळणावरून एका दमात ओढत नेतो. ब्रश मध्येच उचलला तर सांधा दिसतो. आपल्याकडे पाट्या रंगवणारे जुने कलाकार आता थोडेच उरलेत, पण आहेत. जळगाव, अमळनेर, धुळ्याला चौकशी केली तर सापडतील. त्यांची मजुरी वेगळी द्या, घासाघीस करू नका. रेषा मारल्यावरच वरून क्लिअर मारायचा, नाहीतर पहिल्या दोन-चार धुण्यांतच सोनेरी फिकी पडते.

माझं मत विचाराल तर आधी एक काम करा. टाकीच्या जुन्या रंगावर थोडं पॉलिश घासून बघा. खाली कारखान्याचा मूळ रंग आणि रेषा तग धरून असतील तर तो रंग काढू नका. वडिलांनी ज्या रंगात गाडी चालवली तो परत मिळत नाही. मूळ रंग गेलाच असेल तर अठरा हजारवाल्याला द्या, पण तो वर सांगितलेलं सगळं करणार हे कागदावर लिहून घेऊन.

प्रश्न : मुलाच्या गाडीचं रंगकाम करून घेतलं. पेंटरने सगळे पैसे आधी घेतले. महिन्याभरात टाकीच्या झाकणाजवळ पापुद्रे निघायला लागले. तो म्हणतो, ‘पेट्रोल सांडलं, माझा काय दोष?’ आता काय करावं? पुढच्या वेळी पैसे कसे द्यावेत?
— एक वाचक, धुळे

उत्तर : ताई, पूर्ण कडक झालेल्या पीयू क्लिअरवर पेट्रोलचे थेंब पडले आणि लगेच पुसले तर पापुद्रे निघत नाहीत. पेट्रोलची टाकी रंगवणाऱ्याला पेट्रोल सांडणार हे माहीत असायलाच हवं. पापुद्रा सोलून बघा. खाली रंग गुळगुळीत, चकचकीत असेल तर क्लिअर मारायच्या आधी तो घासलाच नव्हता, किंवा फार दिवस मध्ये गेले आणि क्लिअरने खालच्या थराला पकड घेतली नाही. पापुद्र्याखाली तपकिरी गंज दिसला तर पत्रा साफ न करताच रंग मारला आहे. दोन्हीत दोष कामाचा. पापुद्र्याचे जवळून फोटो काढा आणि लेखी मागणी करा, व्हॉट्सॲपवर का होईना, पण तारीख आणि रक्कम टाकून. तरी ऐकलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी नाही, तक्रारीची मुदत दोन वर्षं. पण पैसे दिल्याचा पुरावा लागतो. म्हणून रोख दिलेत तर पावती हवी, यूपीआयने दिलेत तर ‘गाडीचा रंग’ असा शेरा लिहून द्या.

पैसे तीन टप्प्यांत द्यायचे. पहिला टप्पा मालाचा. शक्य असेल तर पेंटरबरोबर रंगाच्या दुकानात जा, बिल तुमच्या नावाने करा. क्लिअर, हार्डनर आणि थिनर एकाच कंपनीचं घ्या. हार्डनर कमी घातला की क्लिअर मऊ राहतो, आणि पैसे वाचवायला हात पहिला हार्डनरवरच जातो. दुसरा टप्पा सरफेसर घासून झाल्यावर. या दिवशी स्वतः जाऊन बघायचं. रंग मारल्यावर सगळं झाकलं जातं, खरं काम याच दिवशी दिसतं. टाकीवरून डोळे मिटून तळहात फिरवा. डोळ्यांना न दिसलेली लाट हाताला लागते. इथे ‘परत घासा’ म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, कारण परत घासायला अजून पैसे लागत नाहीत. तिसरा टप्पा गाडी जोडून झाल्यावर, आणि तोही दिवसा. संध्याकाळी ताब्यात घ्यायची नाही. उन्हात टाकीच्या खालच्या कडेला ओघळ बघा, दाणेदार पृष्ठभाग बघा, ज्याला ऑरेंज पील म्हणतात. धुळीचा कण किंवा हलके दाणे घासून पॉलिश करून जातात, त्यासाठी भांडू नका. क्लिअरमधली सुईच्या टोकाएवढी छिद्रं मात्र पॉलिशने जात नाहीत.

कागदावर कोणकोणते भाग, कोणता रंग, किती हात, भाग उतरवणार कोण आणि बसवणार कोण, एवढं लिहिलेलं हवं. ‘बसवणार कोण’ हे विसरू नका. रंगवलेल्या टाकीला पहिला ओरखडा बहुतेक वेळा पाना फिरवतानाच येतो, आणि मग पेंटर फिटरकडे बोट दाखवतो.

प्रश्न : मला मिलिटरीच्या गाडीसारखा हिरवा रंग मारायचा आहे. चालेल का?
— एक वाचक, शहादा

उत्तर : नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी आहे. कोणी ‘थोडा वेगळा शेड देतो’ म्हणालं तरी त्या वाटेला जाऊ नका, रस्त्यावर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. दुसरा कोणताही रंग घ्या, पण तो आरसीवर नोंदवलेल्या रंगापेक्षा वेगळा असेल तर आपल्या आरटीओत नोंद करून घ्या आणि विमा कंपनीला कळवा. गाडी चोरीला गेली किंवा अपघात झाला तर कागदावर काळी आणि रस्त्यावर लाल अशी गाडी तुम्हालाच अडचणीत आणेल.

प्रश्न : मॅट काळा रंग आवडतो. गाडी रोज केळीच्या बागेत जाते.
— एक वाचक, सावदा

उत्तर : मग मॅट नको, दादा. केळीचा चीक कपड्यावर पडला तर डाग जात नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. चकचकीत क्लिअरवर डाग राहिला तर पॉलिशने घासून काढता येतो. मॅट घासला की तेवढ्याच जागी चकाकी येते आणि डागापेक्षा ती जास्त दिसते. मॅटला पॉलिशही नाही आणि मेणही नाही. गुडघे जिथे घासतात तिथे वर्षभरात आपोआप चकाकी येते. काळाच हवा तर साधा काळा पीयू घ्या. तो खर्चालाही कमी आणि दुरुस्तीलाही सोपा. चॅसिसला मात्र पावडर कोटिंग करा. ते भट्टीत १८०-२०० अंशांवर भाजलेलं असतं, चिखल-पाण्याला टिकतं. देताना बेअरिंग, रबर, वायरिंग सगळं काढून द्या आणि चॅसिसला पुट्टी लावू देऊ नका, त्या भट्टीत ती टिकत नाही.

प्रश्न : आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गाडी तयार हवी. एप्रिलमध्ये दिली तर चालेल ना?
— एक वाचक, जामनेर

उत्तर : चालेल, पण आखाजीच्या आठ दिवस आधी नाही, निदान महिना आधी द्या. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. एवढ्या उन्हात थिनर हवेतच उडतो, रंग पसरायच्या आत बसतो आणि दाणेदार होतो. म्हणून पेंटरने हळू वाळणारा थिनर आणि उन्हाळ्याचा हार्डनर वापरायला हवा, आणि गन पहाटे हाती घ्यायला हवी. पावसाळ्यात उलटं होतं, हवेतली ओल रंगात अडकते आणि वर पांढुरका धूर बसल्यासारखा दिसतो. मला विचाराल तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचे दिवस रंगाला सगळ्यात चांगले. बेकिंग बूथ (रंग गरम हवेत वाळवायची खोली) नसेल तर क्लिअर हाताला कोरडा लागला तरी आतून कडक व्हायला काही आठवडे घेतो. तोवर कव्हर घालू नका, मेण लावू नका, टाकीवर बॅग बांधू नका. आखाजीला झोक्यावरच्या पोरी गाडीला लटकणारच असतील, तर तेवढ्या दिवसांपुरती जुन्या रंगातच राहू द्या आणि काम हिवाळ्यात करा.