शेकरांची 'फॅमिली' : कुटुंब की परिवार?

प्रश्न असा आलाय की अमेरिकेतल्या शेकर या ब्रह्मचर्य पाळणाऱ्या ख्रिस्ती पंथावरच्या मजकुराचं मराठी करताना 'चर्च फॅमिली', 'नॉर्थ फॅमिली' असं येतं, पण ही माणसं तर लग्नच करत नाहीत, मग 'कुटुंब' लिहायचं का? माझं मत, कुटुंब नकोच, परिवार लिहा.

शेकर गावात फॅमिली म्हणजे एका छताखाली राहणारी, एकत्र जेवणारी माणसं, शंभरापर्यंतसुद्धा असायची. मालमत्ता कोणा एकाची नाही, सगळ्यांची मिळून, आणि शेत, वर्कशॉप, हिशोब ज्या त्या फॅमिलीचे वेगळे. बायका-पुरुष एकाच इमारतीत, पण दारं आणि जिने वेगळे, कारभार बघायलाही दोघं बरोबरीने. नवरा-बायको पंथात आले की तिथून पुढे भाऊ-बहीण म्हणून राहायचे, पोरं सांभाळायला दुसरी माणसं. प्रार्थनाघराजवळची ती चर्च फॅमिली, बाकीच्यांची नावं बऱ्याचदा दिशेवरून, म्हणून नॉर्थ हे आडनाव समजू नका, 'उत्तरेकडचा परिवार' लिहा.

आता 'कुटुंब' का नको, तर जुन्या मराठीत कुटुंब म्हणजे बायको, माझे आजोबा "आमचं कुटुंब माहेरी गेलंय" असंच म्हणायचे, आणि ब्रह्मचर्य पाळणाऱ्यांना तोच शब्द लावला की कानाला फार खटकतं. घराणं म्हटलं की वंश आला. मठ जवळचा आहे, पण त्यात खुर्च्या बनवणारे बंधू आणि बियाण्यांची पाकिटं भरणाऱ्या भगिनी डोळ्यासमोर येत नाहीत. परिवार म्हणजे मुळात भोवतीची माणसं, देवळात मुख्य देवाभोवती परिवार देवता असतात ना, तिथे रक्ताचं नातं कोण विचारतं.

पंथाची पुढारी 'मदर अ‍ॅन', तिचं काय करायचं? अ‍ॅन ली १७३६ साली मँचेस्टरला जन्मली, तिची चारही मुलं लहानपणीच गेली, पुढे ती सगळ्या पंथाची मदर झाली आणि १७७४ ला अमेरिकेत आली. देव पिता आहे तसाच माता पण आहे असं मानणारे हे लोक, म्हणून मी 'अ‍ॅन माउली' लिहीन, ज्ञानोबांना माउली म्हणणाऱ्या वाचकाला ते लगेच पोचेल.

'शेकर' हे नाव तसंच ठेवा, प्रार्थनेत अंग थरथरायचं म्हणून बाहेरच्यांनी चिडवून दिलेलं ते. आणि ते बाहेरच्यांना 'वर्ल्ड्स पीपल' म्हणायचे, तिथे 'जगातले लोक' अजिबात नको, 'संसारी लोक' लिहा, जग आणि घरसंसार दोन्ही त्या एका शब्दात आहे, इंग्रजीत एवढं सगळं येत नाही.