चीक, चिकटा आणि चिकट

प्रश्न असा आहे: "पांडवलेणीच्या पायथ्याशी पावसाळ्यात पिवळ्या फुलांचं एक रोप उगवतं. हात लावला की बोटं चिकट होतात. कुणी त्याला 'चिकाचं झाड' म्हणतं, कुणी 'चिकटा'. यातलं बरोबर कोणतं?"

वर्णनावरून ही पिवळी तिळवण वाटते. तिला यातलं एकही नाव लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

चीक असतो झाडाच्या आत. रुईचं पान तोडलं, वडाची डहाळी मोडली की पांढरा चीक ओघळतो. तिळवणीचा देठ मोडून पाहा, दुधासारखं काही निघत नाही. तिचा चिकटपणा बाहेरचा. खोड, पानं, शेंगा, सगळ्यांवर बारीक केस आणि केसांच्या टोकाला स्राव. वनस्पतिशास्त्रात यांना प्रपिंडीय केस म्हणतात. साध्या भिंगातूनही शेंगेवरची ही लव चकाकताना दिसते, कधी तिच्यात एखादं चिलट रुतलेलं असतं. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनेयसने १७५३ साली तिला क्लिओम व्हिस्कोसा म्हटलं, त्यातल्या 'व्हिस्कोसा'चा अर्थही चिकटच.

'चिकटा' हा शेतकऱ्यांचा शब्द आहे आणि त्यांच्या बोलण्यात त्याला पक्कं काम आहे. 'ज्वारीवर चिकटा पडला' म्हणजे मावा या किडीने सोडलेला गोडसर द्रव पानांवर पसरला. पुढे त्यावर काळी बुरशी धरते. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत पिठ्या ढेकणामुळे घड असेच चिकट होतात. हा चिकटपणा किडीचा, झाडाचा नव्हे. म्हणून रानातल्या रोपाला 'चिकटा' म्हणणं मला पटत नाही, ऐकणारा आधी रोगच समजेल.

नुसतं 'चिकट' म्हणा, ते नेमकं आहे. पांढऱ्या फुलांच्या चित्रकाचा निदलपुंज, म्हणजे फुलाच्या बुडाचा हिरवा भाग, असाच चिकट असतो आणि फळासकट कपड्याला लागून येतो. पुनर्नवेची, म्हणजे घेटुळीची, इवली फळंही तशीच. ओल्या कातळावरची दवबिंदू नावाची कीटकभक्षी वनस्पती तर चिकट थेंबांवर किडे धरून पचवते. आघाडा आणि कुसळं मात्र या गटात नकोत. 'पँटला आघाडा चिकटला' असं आपण सर्रास म्हणतो, पण तो टोकांनी अडकलेला असतो.

आणि तिळवण म्हणताना 'पिवळी' गाळू नका. पांढरी तिळवण निराळी, तिच्या कोवळ्या पानांची भाजी करतात.