आरशाची घाई करू नकोस, आधी हाताला सवय होऊ दे

कॅन्सरमुळे उजवा स्तन काढून तीन महिने झाले, कपडे बदलताना दिवा बंद करतेस, सगळे 'जीव वाचला ना, मग झालं' म्हणतात, नवरा 'मला काही फरक पडत नाही' म्हणतो, आणि नणंदेच्या लग्नात साडी कशी नेसायची या विचारानेच तुला रडू येतं. तुझं हे सगळं नीट वाचलं. माझ्या ऑपरेशनला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून अनेकजणींशी बोलत आले आहे, त्यावरून लिहिते.

रडलीस म्हणून तू कृतघ्न ठरत नाहीस. वयात आल्यापासून जपलेला, झाकलेला, नटवलेला शरीराचा एक भाग गेलाय. त्याचं सुतक घरात कुणी पाळत नाही, ते आपल्यालाच पाळावं लागतं. पाळ.

'स्वतःवर प्रेम कर' वगैरे सल्ले सध्या बाजूला ठेव. माझं मत विचारशील तर डोळ्यांच्या आधी हाताला सवय करावी. जखम पूर्ण भरली असेल आणि डॉक्टर हो म्हणाले असतील तर आंघोळीनंतर, न बघता, तळहात व्रणावर ठेव. नुसता ठेव. काही दिवसांनी खोबरेल किंवा बिनवासाचं क्रीम घेऊन बोटं गोल गोल फिरव (रेडिएशन चालू असेल तर मात्र तिथे विचारल्याशिवाय काही लावू नकोस). काही जागी स्पर्श कळणारच नाही. काखेतल्या गाठी काढताना तिथल्या स्पर्श कळवणाऱ्या बारीक नसेला बऱ्याचदा इजा होते, म्हणून दंडाची आतली बाजू बधिर राहू शकते. कधी नसलेल्या स्तनाग्राला खाज सुटेल. असं बऱ्याचजणींना होतं. मेंदूला शरीराची जुनी ओळख विसरायला वेळ लागतो. मला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं, मी मध्यरात्री घाबरून उठून बसायचे. रोज हात फिरला की आखडलेली कातडी हळूहळू सैल होते, खांदा वर न्यायला सोपं जातं, आणि त्या जागेचं परकेपण कमी होतं. मग केव्हातरी नजरही जाते. तोवर दिवा बंद असला तरी चालेल.

आता साडी. आपला नेहमीचा पदर डाव्या खांद्यावर, म्हणजे तुझी उजवी बाजू उघडी पडते. उजव्या खांद्यावरून पुढे येणारा गुजराती पदर घेतलास तर ती झाकली जाईल, पण त्यासाठी आवडीची नेसण सोडायची गरज नाही. सिलिकॉनचा कृत्रिम स्तन मिळतो, तो वजनाला खऱ्याच्या जवळ जातो. जखम भरल्यावर, साधारण सहा आठवड्यांनंतर, डॉक्टरांना विचारून वापरता येतो. महाग वाटला तर कापडी पॅडही चालतो, फक्त हलका पॅड चालताना वर सरकतो. मी सुरुवातीला मऊ सुती पिशवीत मोहरी भरून, दुसऱ्या बाजूशी वजन जुळवून, ब्राच्या आत खिसा शिवून त्यात बसवली होती. टेलरकडे पॅड घालूनच माप दे. गळा थोडा वर ठेवायला सांग आणि मुंढा सैल, काखेत काचता कामा नये.

लग्नघरी कासार बसेल. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर उजव्या हातात घट्ट बांगड्या भरून घेऊ नकोस, कुणी कितीही आग्रह केला तरी. त्या हाताला सूज येण्याचा धोका पुढेही राहतो. इंजेक्शन, रक्त तपासणी, बीपी शक्यतो डाव्या हातावर.

नवऱ्याचं वाक्य तुला टोचतं ते मला कळतं. त्याला फरक पडत नसेल, तुला पडतो, हे त्याला सांग. 'काही बोलू नकोस, नुसतं तेल लाव' असं एखाद्या दिवशी म्हणून बघ. जवळ येताना कोरडेपणामुळे दुखत असेल तर तो कॅन्सरच्या औषधांचाही परिणाम असू शकतो. पाण्याचा बेस असलेलं लुब्रिकंट वापरता येतं. हार्मोनची क्रीम मात्र कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

नवा स्तन घडवण्याची शस्त्रक्रिया बहुतेक वेळा वर्षांनंतरही करता येते, पोटाची किंवा पाठीची कातडी-मांस घेऊन. स्पर्शाची जाणीव मात्र पहिल्यासारखी येत नाही. नको असेल तर नको म्हण. लग्नाच्या तारखेसाठी ठरवू नकोस.

झोप लागत नसेल, जेवण नकोसं झालं असेल, जगावंसं वाटत नसेल, तर आजच कुणाला तरी सांग. १४४१६ हा मनाच्या त्रासासाठीचा टेली मानसचा सरकारी फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं. मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलीस तर टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरवरची हार्मोन रोखणारी गोळी) चालू आहे का हे आवर्जून सांग, कारण नैराश्याच्या काही गोळ्यांमुळे, उदाहरणार्थ पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन, त्याचा परिणाम कमी होऊ शकतो. दुसऱ्या चालणाऱ्या गोळ्या आहेत. जाताना सगळ्या औषधांच्या चिठ्ठ्या सोबत ने, आणि आधीच चालू असलेली कुठलीही गोळी मनाने बंद करू नकोस.