भारताच्या पामतेल आयातीमुळे इंडोनेशियातलं जंगल खरंच कमी होतं का?

हो, पण हिशेब इतका सरळ नाही. पामतेलाचा जगातला सर्वांत मोठा आयातदार भारतच. फरसाणाच्या पाकिटामागे 'पामोलीन' (पामतेलाचाच पातळ भाग) दिसेलच. भाव चढले की इंडोनेशियाच्या सुमात्रा, कालिमंतान या भागांत पामची नवी लागवड वाढते. खरी मेख तेलगिरणीत आहे. पामफळांचे तोडलेले घड एक-दोन दिवसांत गाळावे लागतात, म्हणून गिरणी मळ्यांजवळच उभी राहते. ती आली की आसपासचे छोटे शेतकरीही रान साफ करून पाम लावतात.

सर्वांत वाईट हाल दलदलीच्या जंगलांचे. चर खणून पाणी काढलं की खालची पीट माती (अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याचा थर) वाळते आणि पेटते. २०१५ मध्ये तो धूर सिंगापूरपर्यंत पोचला होता.

म्हणून सगळे सोयाबीन तेलाकडे वळले तर? तेवढ्याच तेलाला जमीन कितीतरी जास्त लागेल.