मुळशीच्या शेतातला साग घरीच चिरून लाकडी सांगाड्याची पडवी बांधता येईल का?

येईल. पण आधी तोडीची परवानगी घ्या; साग १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात येतो, झाड स्वतःचं असलं तरी.

फळ्या सावलीत, मध्ये पट्ट्या ठेवून रचा. टोकांना रंग फासा, नाहीतर तडे जातात. इंचभर जाडी सुकायला साधारण वर्ष धरा. सहा इंची खांब सुकायची वाट बघत बसलात तर पडवी नातवंडं बांधतील! म्हणून खांब-तुळया ओल्याच घडवा, सांध्यात ठोकायच्या लाकडी खुंट्या मात्र कडक वाळलेल्या हव्यात. लाकूड आक्रसलं की खुंटी आवळली जाते. बाहेरचा पांढरा भाग काढून टाका, कीड तिथेच लागते. आणि खांब मातीत पुरू नका. आपल्या वाड्यांतले खांब दगडी तळखड्यावर उभे असतात, ते उगीच नाही.