आलेख ‘सरकला’ की ‘दबला’?

दारव्हा तालुक्यातल्या एका शिक्षिकेनं विचारलंय. फळ्यावर १.५ च्या ‘क्ष’ घाताचा आलेख काढला, त्याच अक्षांवर १.५ च्या ‘क्ष वजा २’ घाताचा. त्या म्हणाल्या, आलेख दोन घरं उजवीकडे सरकला. एक मुलगी म्हणाली, “मॅडम, सरकला कुठी? खाली दबून राहिला ना!” बरोबर शब्द कोणता?

दोन्ही बरोबर, आणि त्या मुलीची नजर मला फार आवडली.

आधी जी उंची क्ष = ० ला मिळायची, ती आता क्ष = २ ला मिळते. म्हणून चिन्ह वजाचं असूनही सरकणं उजवीकडे. पण १.५ चा वर्ग २.२५, घातांकांच्या नियमानं नव्या आलेखाची प्रत्येक उंची म्हणजे जुनी भागिले सव्वादोन. म्हणजे दबलाच!

वाढीदिढीचा जुना व्यवहार घ्या. एका मणाचे हंगामाला दीड मण, आणि फेड झाली नाही तर दिढीवर दिढी. एकानं आज मणभर ज्वारी उचलली, दुसऱ्यानं दोन हंगामांनंतर मणभर. दुसऱ्याचा हिशेब दोन हंगाम मागून चाललाय म्हणा, की त्याचं देणं कायम पहिल्याच्या सव्वादोनाव्या हिश्शाइतकं आहे म्हणा; खात्यावर आकडा तोच.

ही मुभा घातांकी आलेखालाच. क्षच्या वर्गाचा आलेख दोन घरं सरकवला की त्याचा तळबिंदूच हलतो. नुसतं दाबून तो जागचा हलणार नाही.

आलेख सरकवण्याला ‘स्थानांतरण’ म्हणणं मात्र मी वर्गात टाळेन. आपल्याकडे हिंदी सतत कानावर, आणि हिंदीत त्याचा अर्थ नोकरीतली बदली. ‘सरकवणे’ नेमकं आहे. पूर्ण पदावलीआधी वजा आला तर आलेख ‘पालथा’ होतो. वजा घातातल्या क्षला लागला तर डावं-उजवं बदलतं.

आलेखात बाहेरून ३ मिळवले तर ‘उचलला’ म्हणावं. तिथं ‘दबला’ किंवा ‘ताणला’ चालणार नाही. डावीकडे हा वक्र आडव्या अक्षाच्या जवळ जवळ जातो, टेकत कधीच नाही. कितीही ताणा, दाबा, ती तळरेषा शून्यावरच राहते. उचलल्यावर ती ३ वर जाते, म्हणून मुलांनी आधी तीच तुटक रेषेनं काढावी आणि मग वक्र.