उपग्रहाला दोष देण्याआधी

प्रिय मित्रा,

पणजीच्या गच्चीवरचा पायरॅनोमीटर, म्हणजे जमिनीवर पडणारं ऊन मोजणारं यंत्र, आणि उपग्रहावरून काढलेले उन्हाचे आकडे जुळत नाहीत, असं तू लिहिलंस. आधी घड्याळ तपास. उपग्रहाची वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, त्यात साडेपाच तास मिळवायचे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. फसगत होते ती सरासरीत. लॉगरची, म्हणजे यंत्राचे आकडे साठवणाऱ्या पेटीची, दहाची नोंद नऊ ते दहाची की दहा ते अकराची?

एक निरभ्र दिवस निवड आणि आलेख काढ. पणजीत सूर्य माथ्यावर येतो सरासरी १२:३५ला, फेब्रुवारीच्या मध्यात १२:४९ला, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१८ला. आलेखाच्या दोन्ही बाजू या वेळेभोवती सारख्या हव्यात. आलेख अर्ध्या तासाने सरकलेला असेल, तर घोळ बहुधा नोंदीच्या वेळेतच आहे.

मग यंत्र. त्याच्या काचेच्या घुमटावर किनाऱ्याला खारट थर बसतो, खाणपट्ट्यात तांबडी धूळ. मऊ कापड आणि डिस्टिल्ड पाणी घेऊन सकाळी लवकर पूस. पातळीचा बुडबुडा मध्यावर आहे ना, आतली ओल शोषणाऱ्या सिलिका जेलचा रंग उडाला नाही ना, तेही बघ. रात्री शून्याखाली दोन-चार वॅट दिसले तर घाबरू नकोस. घुमट आकाशाकडे उष्णता सोडून थंड होतो, त्याचा तो परिणाम. पण रोज ठरावीक वेळी आलेखाला खाच पडत असेल, तर जवळपास माड किंवा टॉवर शोध.

आता तुलना. मिनिटाच्या नोंदी उपग्रहाच्या क्षणचित्राशी लावू नकोस. तासाची सरासरी घे आणि सूर्य क्षितिजापासून दहा अंशांच्या खाली असतानाच्या नोंदी वगळ. विखुरलेल्या ढगांत जमिनीवरचा आकडा निरभ्र आकाशापेक्षाही वर जातो. ढगाच्या कडेवरून प्रकाश परततो म्हणून. तो काढून टाकू नकोस.

मेटिओसॅट हा युरोपचा हवामान उपग्रह वापरत असशील तर आणखी एक गोष्ट. तो ४५.५ अंश पूर्व रेखांशावरून तिरका बघतो. दहा किलोमीटर उंचीचा ढग त्याला सात-आठ किलोमीटर पूर्वेकडे सरकलेला दिसतो, म्हणजे पणजीवरचा ढग जवळजवळ जुन्या गोव्यावर. पावसाळी उंच ढगांत हे फार जाणवतं.

म्हणून वर्षाचा एकच सरासरी फरक काढू नकोस. उपग्रहाचा आकडा कोरड्या महिन्यांत जास्त आणि पावसात कमी असं असेल, तर दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि आकडा उगाच देखणा दिसतो. निरभ्र तासांतली चूक बहुधा धुळीच्या, बाष्पाच्या अंदाजातली असते, ढगाळ तासांतली ढगांची. मार्च ते मे आणि जून ते सप्टेंबर, असे वेगवेगळे फरक काढ आणि मला पाठव. सोबत घुमट पुसल्याच्या तारखाही.